सोलापुराहून नळदुर्गाकडे



आपल्या शहराच्या पूर्व बाजूनें जो रस्ता नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादेस जातो, त्याजविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. रस्ता किती लांब, किती रुंद, कोणत्या खात्याकडे, ही माहिती सरकारी कागदांतून मिळते आणि ती उपयोगीही असते. परंतु ज्या रस्त्यानें शहराची अर्धी वस्ती आणून वसविली, ज्याच्यावर दोन राज्यांची शीव आडवी पडली व ज्याच्यावरूनच सैन्य जाऊन ती शीव पुसली गेली, त्याची हकीकत मैलांच्या हिशेबांत मावणारी नाहीं.

प्रथम वाट सांगतों. जुना बोरामणी नाका हें नांव सोलापुरांत अजून सर्वांच्या तोंडीं आहे. जकात उठून गेली, नाका नांवापुरता राहिला; आणि ज्या बोरामणी गांवावरून हें नांव पडलें तें गांव तेथून कांहीं मैल पुढें आहे, हें नव्या पिढींतील पुष्कळांस सांगावें लागतें. नाका मागें टाकला म्हणजे बाजार समितीचें आवार लागतें, पुढें विडी घरकुलाची वसाहत, मग मुळेगांव, बोरामणी, तांदुळवाडी. येथवर सोलापूर जिल्हा. त्यापुढें इटकळ लागलें कीं आपण तुळजापूर तालुक्यांत, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांत शिरलों. मग अणदूर आणि नंतर बोरी नदीच्या कांठीं नळदुर्ग. सर्व मिळून अंतर सुमारें पंचेचाळीस किलोमीटर, जुन्या मापानें अठ्ठावीस मैल. बैलगाडीला ही मजल एका दिवसांत झेपत नसे. हल्लींच्या मोटारीस एक तास पुष्कळ होतो.

ही सगळी जमीन काळी. उन्हाळ्यांत तिला हातभर भेगा पडतात आणि पावसाळ्यांत तीच गाडीचें चाक आंसापर्यंत गिळते. म्हणून मुरूम व खडी घालून पक्का रस्ता होण्यापूर्वीं या भागांतील मालाची वाहतूक गाड्यांपेक्षां पाठीवरच अधिक चाले. लमाणांचे तांडे शेंकडों बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून या मुलखांतून जात. बैलाला रस्ता लागत नाहीं, पायवाट पुरते. पुढें सडका झाल्या, आगगाडी आली आणि लमाणांचा हा पिढीजात धंदा बुडाला. शहराबाहेर थोड्या अंतरावर याच रस्त्याच्या आश्रयानें मुळेगांव तांडा आज उभा आहे. ज्या सडकेनें ज्यांचा धंदा घेतला तिच्याच कडेला त्यांना घर करावें लागलें, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकांत येत नाहीं. आली असती तर मुलांना भूगोल अधिक गोड लागला असता.

आगगाडीचा विषय निघाला आहे म्हणून सांगतों. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी १८६० सालीं सोलापुरास आली आणि बराच काळ तेथेंच थांबली. मार्ग पुढें रायचूरपर्यंत पुरा व्हावयास १८७१ साल उजाडलें. मधल्या दहा-अकरा वर्षांत सोलापूर हें लोहमार्गाचें शेवटचें टोंक होतें. निजामशाहींतील कापूस, तेलबिया व धान्य मुंबईस जावयाचें तर तें गाड्यांनीं सोलापुरास आणून डब्यांत चढवावयाचें. मुंबईचा माल आंत जावयाचा तर तो सोलापुरास उतरून गाड्यांत भरावयाचा. सोलापूरची पेठ फुगली ती या काळांत. १८७४ सालीं वाडीपासून सिकंदराबादेस लोहमार्ग झाला आणि लांब पल्ल्याचा माल आपल्या रस्त्यावरून हटला. रस्ता ओस पडला असें मात्र नाहीं. माल गेला, पण माणसें येतच राहिलीं.

हीं माणसें म्हणजे तेलंगणांतील विणकर, पद्मशाली समाजाचे लोक. दुष्काळ, कर्ज व हातमागाच्या धंद्यास लागलेली ओहोटी यांनीं गांजलेलीं कुटुंबें पश्चिमेकडे निघालीं. सोलापुरास १८७७ सालीं पहिली कापडाची गिरणी सुरू झाली होती, पुढें आणखी गिरण्या निघाल्या, व हातमागाला तर येथें फार जुनी परंपरा होती. विणणाऱ्या हातांस काम होतें. कोणी आगगाडीनें आले, पण ज्यांच्याजवळ भाड्यास पैसा नव्हता ते याच सडकेनें पायीं किंवा गाडीच्या मागोमाग चालत आले. शहराचा पूर्व भाग त्यांनीं वसविला. नारळी पौर्णिमेस श्रीमार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हां त्या वस्तीचा विस्तार एका दृष्टिक्षेपांत ध्यानांत येतो. २००५ सालीं ज्या सोलापुरी चादरीस भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळालें, ती चादर या पाहुण्यांच्या हातची आहे. आतां त्यांस पाहुणे म्हणणें शोभणार नाहीं.

पूर्व भागांतील मुलांस मीं कित्येक वर्षें मराठी शिकविलें. घरीं तेलुगु, गल्लींत कन्नड किंवा दखनी, शाळेंत मराठी, अशी त्यांची त्रिस्थळी यात्रा असे. वर्गांत ‘आजोबा कोठून आले?’ असें विचारलें कीं जबाब ठरलेला येई: ‘तिकडून, नळदुर्गाच्या रस्त्यानें.’ गांवाचें नांव कित्येकांस सांगतां येत नसे, रस्त्याचें मात्र येई. त्या आजोबा-आज्यांची पिढी आतां राहिलेली नाहीं आणि त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी ज्यांना आठवतात तेही थकले आहेत. किती मुक्काम झाले, वाटेंत कोणीं भाकरी दिली, शिवेवर काय विचारलें, हें सारें अद्यापि तोंडींच आहे. ज्यांच्या घरीं अशीं माणसें असतील त्यांनीं एखादी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावें, एवढी विनंति मी या निमित्तानें करून ठेवतों. शाळेंतील मुलगाही हें काम करूं शकेल.

आतां शिवेविषयीं. तांदुळवाडी व इटकळ यांच्या दरम्यान जिल्ह्याची हद्द आज एका पाटीवरून कळते. १९४८ पर्यंत साधारणतः याच सुमारास इंग्रजी मुलूख संपून निजामाचें राज्य सुरू होत असे. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली. शंभर कलदारांस एकशें सोळा-सतरा हाली असा भाव. अलीकडे कचेरींत मराठी व इंग्रजी, पलीकडे उर्दू. मालावर निजामाच्या करोडगिरी खात्याची जकात. सोयरीक मात्र दोन्हीकडे होती, शेतें दोन्हीकडे होतीं, आणि मराठी शिक्षणासाठीं पलीकडचीं मुलें सोलापुरास व बार्शीस येत. शीव जमिनीवर होती. लोकांच्या व्यवहारांत ती अडचण म्हणून होती, ओळख म्हणून नव्हे.

मध्यंतरीं सात वर्षें ही शीव नव्हतीच, हें थोड्यांस ठाऊक असेल. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या हवालीं केला. नळदुर्गास कारभारी म्हणून मेडोज टेलर हा अधिकारी आला व किल्ल्यांतच राहिला. ठगाच्या जबानीची इंग्रजी कादंबरी लिहून १८३९ सालीं विलायतेंत गाजलेला लेखक तो हाच. सडका, जमिनीची पाहणी आणि तळीं या कामांत त्याचें लक्ष असे, आणि मृत्यूनंतर १८७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्रांत नळदुर्गचे दिवस विस्तारानें आले आहेत. परक्या सत्तेचा नोकर म्हणून त्याच्याविषयीं जो विचार करावयाचा तो करावा. पण या मुलखावर त्याचा जीव होता हें त्याच्या लिहिण्यांत दिसतें. १८६० च्या तहानें नळदुर्ग व रायचूर निजामास परत मिळालें आणि शीव पुन्हां उभी राहिली.

ती राहिली तब्बल अठ्ठ्याऐंशीं वर्षें. शेवटचें वर्ष सर्वांत कठीण गेलें. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं अलीकडे स्वातंत्र्याचा झेंडा चढला आणि पलीकडे रझाकारांचा अंमल वाढला. घरेंदारें टाकून लोक सोलापूर-बार्शीकडे येऊं लागले. म्हणजे ज्या रस्त्यानें पूर्वीं पोटासाठीं माणसें आलीं त्याच रस्त्यानें आतां तीं जीव वाचविण्यासाठीं आलीं. तिकडे बार्शीच्या वाटेवर नान्नज हें गांव निजामाच्या हद्दीचें बेट होऊन भारतीय मुलखानें वेढलेलें होतें. १९४८ च्या जुलैत तेथें भारतीय तुकडीवर हल्ला झाला व आपल्या फौजेनें तें गांव ताब्यांत घेतलें.

पुढें १३ सप्टेंबर १९४८ ची पहांट. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालील मुख्य सैन्य सोलापुराहून याच सडकेनें निघालें. हैदराबादेस जाण्याचा सरळ मार्ग हाच, हें प्रतिपक्षासही ठाऊक होतें; त्यामुळें पहिली गांठ नळदुर्गास पडणार हें उघड होतें. सगळें अवलंबून होतें एका पुलावर. नळदुर्गाजवळ बोरीवरचा पूल उडविला गेला असता तर रणगाडे व अवजड मोटारी ऐन पावसाळ्यांत नदीच्या अलीकडेच अडकल्या असत्या. सातव्या ब्रिगेडनें चपळाई करून तो पूल शाबूत हस्तगत केला आणि शीख पलटणीनें नळदुर्गच्या ठाण्यावर चाल केली. सकाळीं नऊच्या सुमारास रणगाड्यांची तुकडी जळकोटांत होती, व त्याच दुपारीं फौज उमरग्यास पोंचली. १७ सप्टेंबरच्या सायंकाळीं युद्ध थांबलें. दुसऱ्या दिवशीं निजामाचे सेनापति एल् एद्रूस यांनीं चौधरींपुढें शस्त्रें ठेवलीं. पांच दिवसांचें हें काम. त्याचा पहिला व महत्त्वाचा घाव त्या पुलावर बसला, असें माझें मत आहे.

त्यानंतरची शीव कागदावरून टप्प्याटप्प्यानें पुसली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. रस्ता पुणें-सोलापूर-हैदराबाद-विजयवाडा-मच्छलीपट्टण या राष्ट्रीय महामार्गाचा भाग होऊन त्यास नऊ हा आंकडा मिळाला. २०१० सालीं देशभर नवे आंकडे पडले तेव्हां तो पांसष्ट झाला. कडेच्या दगडांचें डोकें पिवळें असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवें असेल तर राज्याचा, ही खूण मुलांस जरूर शिकवावी. प्रवासांत तेवढाच अभ्यास होतो.

आतां रस्ता चौपदरी आहे. मला तो आवडतो, हें आडपडदा न ठेवतां सांगतों. तीन तासांचा त्रास तासावर आला तर त्याबद्दल रडण्यांत अर्थ नाहीं. कडेचीं पुष्कळ झाडें रुंदीकरणांत गेलीं याचें मात्र वाईट वाटतें, आणि त्याहून एक गोष्ट अधिक खटकते. विडी घरकुल व आसपासच्या वसाहतींतील बायका विड्यांचे जुडगे घेऊन, मुलें दप्तरें घेऊन, हा रस्ता ओलांडतात. येणारें वाहन पूर्वींच्या चौपट वेगानें येतें; ओलांडणारी बाई मात्र पूर्वींच्याच वेगानें चालते. जेथें वस्ती सडकेला लागून आहे तेथें पायीं जाणारासाठीं वरून किंवा खालून वाट हवी, आणि ती कोणाचा बळी पडण्याआधीं हवी. रस्ता आंखतांना गाड्यांची गणती होते. ओलांडणाऱ्या पायांची गणतीही तितक्याच बारकाईनें झाली पाहिजे.

अणदूरविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. तेथील खंडोबा वर्षाचा बहुतेक काळ अणदुरास असतो आणि सुमारें दोन महिने नळदुर्गाशेजारीं मैलारपुरास. देवाची ही बदली वाजतगाजत होते. कलदार-हालीच्या दिवसांत झाली, रझाकारांनंतर झाली, आजही होते.

ज्यांना हा रस्ता पाहण्याच्या हेतूनें पाहावयाचा असेल त्यांनीं चांगला पाऊस झाल्यावर जावें. नळदुर्गच्या किल्ल्यांत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळीं, १६१३ च्या सुमारास, बोरी अडवून बंधाऱ्याच्या पोटांत पाणीमहाल बांधलेला आहे. नदी भरली कीं बंधाऱ्यावरून नर व मादी असे दोन धबधबे पडतात आणि महालांत उभें राहिल्यास पाणी आपल्या डोक्यावरून जात असूनही अंगावर थेंब येत नाहीं. उन्हाळ्यांत गेल्यास कोरडे दगड दिसतील. सोलापुराहून एस्. टी.च्या गाड्या दिवसभर आहेत. सकाळीं लौकर निघावें, आणि नळदुर्गास पुलाजवळ उतरून थोडें पायीं चालावें.