सत्ता, सिमेंट आणि सचोटी

(दिघाशी, ता. भिवंडी येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



कंत्राटदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपांमुळे अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांना १० ऑक्टोबर १९७३ रोजी पद सोडावे लागले. ते पुन्हा कधीही सत्तेत परतले नाहीत.

महाराष्ट्रानेही असा अध्याय पाहिला. जून १९८० मध्ये बॅ. अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. निर्णयाचा त्यांचा वेग विलक्षण होता. संजय गांधी निराधार योजना आणि कुलाब्याचे रायगड हे नामांतर त्यांच्याच कारकिर्दीतले. हे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो काळ सिमेंटटंचाईचा होता. चार गोण्यांसाठी सामान्य माणूस परवान्याच्या रांगेत तिष्ठत असे. त्याच वेळी बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळत होता आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला त्यांच्या देणग्या! ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि कोटा यांचा संबंध निकालात नोंदविला. अंतुले पायउतार झाले.

भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी खटल्याचा पाठपुरावा चिकाटीने केला. तो सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे गुंतून राहिला. २००६ मध्ये अंतुले केंद्रात मंत्री झाले.

न्यायालय निकाल देते. तो स्मरणात ठेवणे हे समाजाचे काम. ग्रामसभेत हिशेब विचारणारा नागरिकच उद्या मंत्रालयालाही हिशेब विचारील.