किसान वाहिनी आणि दिंडोरीचे आकाश



दिंडोरी तालुक्यात द्राक्षांची गोडी छाटणी उरकली, की बागाईतदाराचा एक डोळा वेलीवर आणि दुसरा आभाळावर लागलेला असतो. काडीचे डोळे फुटून कोवळे घड बाहेर पडू लागावेत आणि नेमका त्याच वेळी पाऊस दोन दिवस लागून राहावा, म्हणजे पानांवर डावणी उतरते, घड कुजतात आणि खते, औषधे व मजुरी यांवर झालेला सारा खर्च बुडतो. अशा मनुष्यास एकच वार्ता हवी असते. पाऊस आज रात्री येणार की परवा. फवारणी आताच करावी की थांबावे. दिल्लीहून निघालेली एक राष्ट्रीय वाहिनी त्याच्या घरात कशी पोचते, आणि पोचल्यावर या प्रश्नाचे उत्तर त्याला कितपत देते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

केंद्र सरकारने जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात किसान वाहिनीसाठी १०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली, आणि २६ मे २०१५ रोजी नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. अहोरात्र चालणारी व सर्वस्वी शेतीला वाहिलेली अशी दूरदर्शनची ही पहिलीच वाहिनी होय. शेतीचे कार्यक्रम मात्र तेव्हा नवे नव्हते. दिल्ली केंद्राने २६ जानेवारी १९६७ रोजी ‘कृषिदर्शन’ सुरू केले, ते भोवतालच्या ८० खेड्यांपुरते. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने सुमारे २,४०० खेड्यांत चित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग झाला. त्यातील सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडलेल्या मुंबई केंद्राच्या ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमाने शेतकऱ्याशी त्याच्याच भाषेत बोलण्याचा पायंडा पाडला होता, आणि त्याची सर दिल्लीच्या थाटामाटाला अद्याप आलेली नाही.

त्या काळी घरावर माशाच्या काट्यासारखी अँटेना असे. एकाने वर चढून ती फिरवावी, दुसऱ्याने अंगणातून ‘आलं, आलं, गेलं!’ असा पुकारा करावा, हा घरोघरीचा अनुभव होता. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने उपग्रहावरून थेट घरात चित्र पोचविण्याची सेवा सुरू केली. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. तबकडी व पेटी एकदा विकत घेतली, की मासिक वर्गणी नाही. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी असतो आणि पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच वेळात प्रदक्षिणा पुरी करीत असल्यामुळे खालून पाहणाऱ्यास स्थिर भासतो. दिंडोरीहून तो जवळजवळ बरोबर आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५७ अंशांवर येतो. तबकडी पाहता ती इतकी वर रोखलेली वाटत नाही. कारण तिचा ग्राहक मध्यभागी नसून खालच्या अंगास बसविलेला असतो, म्हणून ती उभी दिसते. त्या दिशेला आंब्याचे झाड वाढले, तर मात्र चित्र जाते, आणि दोष पेटीला दिला जातो.

खरी अडचण पावसाची आहे. या लहान तबकडीवर येणाऱ्या लहरी अवघ्या अडीच-पावणेतीन सेंटिमीटर लांबीच्या असतात. मुसळधार सरीतले थेंब त्यांतील बरीच शक्ती शोषून घेतात व उरलेली इतस्ततः विखुरतात. साध्या भुरभुरीने तसे होत नाही. केबलचालकांच्या मोठ्या तबकड्यांकडे येणाऱ्या लहरी साधारण साडेसात सेंटिमीटरच्या असतात व त्या पावसातून पुष्कळच सुखरूप उतरतात. म्हणजे ज्या मेघांची वार्ता बागाईतदाराला हवी, तेच मेघ डोक्यावर आले असता ती वार्ता अडवितात. सर ओसरल्यावर चित्र आपोआप परत येते, हे खरे. पण फवारणीची वेळ तोवर टळलेली असते.

दुसरा प्रश्न भाषेचा आणि प्रदेशाचा. उपग्रहाचा झोत साऱ्या देशावर पडतो, म्हणून पंजाबच्या गव्हाला आणि मोहाडी-जानोरीच्या द्राक्षाला एकच चित्र मिळते. दिंडोरी तालुका तरी एकसारखा कोठे आहे? पूर्वेस कादवा नदीवरील पालखेड धरण आणि द्राक्षबागा, तर पश्चिमेस ननाशीकडे डोंगर, भात आणि नागली. तिकडील कोकणा समाजाच्या कष्टकरी स्त्रीला घरची बोली पहिली, मराठी दुसरी आणि वाहिनीची हिंदी तिसरी. शेतातील निम्मे काम तीच करीत असता तिच्यापर्यंत अर्थ किती पोचला, हे कोणी मोजावयाचे?

२६ मे २०२४ रोजी, वाहिनीस नऊ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ‘कृष’ आणि ‘भूमी’ या दोन यंत्रनिर्मित निवेदकांना पडद्यावर आणण्यात आले. ते पन्नास भाषांत बोलू शकतात, असे सांगण्यात आले. न थकता अहोरात्र वाचणारा निवेदक मिळाला, याचे कौतुक अवश्य करावे. पण भाषा पन्नास असल्या, तरी खरड छाटणी व गोडी छाटणी यांतील भेद ठाऊक असलेला, आणि कालच बांधावर जाऊन आलेला मनुष्य मजकूर लिहावयास बसला नसेल, तर ते यंत्र वाचणार काय?

जिल्ह्यापुरते बोलण्याचे साधन नाशिकला आहेच. आकाशवाणीचे केंद्र तेथे १०१.४ मेगाहर्ट्झवर चालते. त्या लहरींची लांबी जवळजवळ तीन मीटर. त्यांना पावसाच्या थेंबांची दादही नसते. वीज गेली तरी दोन पेशींवर चालणारे यंत्र बागेतल्या झोपडीत बोलत राहते. किसान वाहिनीने देशभरचे बाजारभाव, नवे वाण आणि दूरच्या शेतकऱ्यांचे प्रयोग दाखवावेत; ते काम चित्रानेच होते व तिने ते चांगलेही केले आहे. मात्र ऑक्टोबरातल्या संध्याकाळी सप्तशृंगीच्या बाजूने ढग उठला, की पुढच्या सहा तासांचे बोलणे नाशिकहून, मराठीत व्हावे, एवढीच दिंडोरीकरांची मागणी आहे.