रहस्य न फोडता सांगायचं कसं?



रहस्यकथा आवडीनं वाचणाऱ्यांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. आपण एकमेकांना रहस्यकादंबरी सुचवतो, ती सुचवायची कशी?

बहुतेक वेळा आपण म्हणतो, "वाचच, शेवटी जबरदस्त धक्का आहे." हे वाक्य आपण बंद करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. धक्का येणार हे ज्याला आधीच कळलं, तो पहिल्या पानापासून पहारा देत बसतो. नोकरावर संशय, डॉक्टरवर संशय, मेलेल्या माणसावरसुद्धा संशय! लेखिकेनं खपून उभं केलेलं गाव, माणसं, त्यांचे हेवेदावे यांच्याकडे त्याचं लक्षच राहत नाही. खुन्याचं नाव न घेताही पुस्तक असं वाया घालवता येतं.

अगाथा ख्रिस्तीची १९२६ सालची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' घ्या. लेखिकेनं वाचकाला फसवलं की नाही, यावर तेव्हा वाद झाला आणि आजही होतो. माझं मत स्पष्ट आहे: फसवलेलं नाही. पण ते का, हे मी पुस्तक न वाचलेल्यापुढे बोलत नाही. मी एवढंच सांगतो की इंग्लंडमधलं एक खेडं आहे, निवृत्त झालेला गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो तिथं भोपळे पिकवण्याच्या खटपटीत आहे, आणि गावातल्या श्रीमंत गृहस्थाचा त्याच्याच अभ्यासिकेत खून होतो. बास. उरलेलं पुस्तक परत आल्यावर, चहा घेत.

ग्रंथालयाच्या प्रतीत पहिल्याच पानावर पेन्सिलीनं 'खुनी अमुक' असं लिहून ठेवणारे महाभाग आपण सर्वांनी पाहिले आहेत. मला त्यात गंमत वाटत नाही. आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येक वाचकाचा आनंद ते एका ओळीत हिरावून घेतात.

मग सांगायचं काय? प्रश्न सांगायचा, उत्तर नाही. माझं सर्वांत आवडतं उदाहरण बंगाली रहस्यकथांमधल्या ब्योमकेश बक्षीचं आहे. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चॅटर्जींची मालिका आली, रजित कपूर घराघरांत पोचले, आणि ब्योमकेश आपलाही झाला. पण त्याचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय आपले शेजारी होते, हे किती जणांना ठाऊक आहे? १९३८ साली ते चित्रपटांसाठी लिहायला मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. मधली बरीच वर्षं बाजूला ठेवलेला ब्योमकेश त्यांनी पन्नाशीच्या दशकात पुन्हा हाती घेतला. कलकत्त्याच्या गल्ल्यांमधल्या कितीतरी कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. ब्योमकेशला गुप्तहेर म्हणवून घेणं आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. लग्न करतो, संसार करतो, आणि गुन्ह्यामागचं माणसाचं दुखणं त्याला दिसतं.

त्यातली 'चिडियाखाना' ही कादंबरी मी अशी सुचवतो: फाशीच्या शिक्षा सुनावलेले एक निवृत्त न्यायाधीश शहराबाहेर वसाहत वसवतात. भूतकाळ डागाळलेल्या माणसांना तिथं आसरा देतात. आणि कुणीतरी त्यांच्या खिडकीतून मोटारीचे मोडके भाग आत फेकू लागतं. मोटारीचेच का? एवढा प्रश्न कानावर पडला की वाचक पुस्तक मागून नेतो. सत्यजित राय यांनी १९६७ साली यावर चित्रपट केला, पण आधी पुस्तक वाचा, ज्या भाषेत मिळेल त्या भाषेत.

दुसरी गोष्ट, माणूस बघून पुस्तक द्यावं. शाळकरी मुलाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. कोर्टातली खडाजंगी आवडणाऱ्याला सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास. रात्री दिवा चालू ठेवून झोपायची तयारी असेल त्याला नारायण धारप. आणि "मी असलं काही वाचत नाही" असं नाक मुरडून सांगणाऱ्याच्या हाती रत्नाकर मतकरींच्या गूढकथा ठेवा. त्यांतली भीती बाहेरून येत नाही, माणसाच्या हावेतून, एकटेपणातून वर येते. असा वाचक मग स्वतःहून दुसरं पुस्तक मागायला येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

बाबुराव अर्नाळकरांचं ऋण तर मी जाहीरपणे मानतो. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांमुळे पुस्तक हातात धरायला शिकलेली माणसं पुढे गंभीर साहित्यापर्यंत पोचली. समीक्षेनं या लेखकाकडे फिरवलेली पाठ मला आजही खुपते.

प्रकाशक मंडळी समोर आहेत, म्हणून त्यांच्याकडे एक मागणी. जुन्या रहस्यकथांच्या नव्या आवृत्त्या काढताना मलपृष्ठावर पहिल्या दोन प्रकरणांच्या पुढचं काहीही छापू नका. मूळ प्रकाशनाचं साल मात्र आवर्जून छापा. घरात फोन होता की नाही, तार पोचायला किती वेळ लागायचा, यावर त्या कथांमधल्या साक्षी-पुराव्यांचं सारं गणित बसवलेलं असतं. साल ठाऊक नसेल तर आजचा तरुण वाचक म्हणेल, "यानं सरळ मोबाइल का नाही लावला?" आणि चांगलं पुस्तक तिथंच मिटून ठेवेल.