न संपणारी झाडलोट

श्रोतेहो, घरांत कांहीं सांडलें कीं तें आपण पुसून टाकतों, आणि पुसलें म्हणजे तें संपलें, असा आपला नित्याचा अनुभव आहे. आज मला जी झाडलोट सांगावयाची आहे ती या अनुभवाला सर्वस्वीं सोडून आहे. युक्रेनमधील चेर्नोबिल येथें १९८६ सालीं अणुभट्टी फुटली. त्या स्फोटाच्या कारणांची चिकित्सा तज्ज्ञांनीं पुष्कळ केली आहे. मी बोलणार आहें तें स्फोटानंतर उरलेला केर ज्यांनीं उचलला त्या माणसांविषयीं.

२६ एप्रिल १९८६ रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर १ वाजून २३ मिनिटांनीं, चौथ्या भट्टीवर एक प्रयोग चालू असतां तिची शक्ति एकाएकीं अनावर झाली. त्या रात्रीं दोन कामगार गेले. त्यांपैकीं वालेरी खोदेमचुक यांचा देह कधींच सांपडला नाहीं, तो त्या भग्नावशेषांतच राहिला आहे. बंब घेऊन धांवलेल्या जवानांना दिसत होती ती केवळ आग. किरणांना रंग नाहीं, वास नाहीं. कित्येकांना थोड्याच वेळांत ओकाऱ्या सुरू झाल्या. किरणोत्सर्गाचा तीव्र आजार १३४ जणांना जडला, आणि त्यांतील २८ जण पहिल्या कांहीं महिन्यांत दगावले.

भट्टीपासून अवघ्या तीन किलोमीटरांवर प्रिप्यात नांवाचें नवें नगर होतें. वस्ती सुमारें ४९ हजार. सबंध पहिला दिवस तेथें नित्याप्रमाणें गेला. मुलें बाहेर खेळत होतीं. २७ तारखेस दुपारीं बसगाड्यांच्या रांगा लागल्या, आणि तीन दिवसांपुरतें सामान बरोबर घ्या, असें सांगण्यांत आलें. ते लोक तेथें राहावयास पुन्हां कधींच परतले नाहींत.

आतां त्या झाडलोटीकडे वळूं. फुटलेल्या भट्टीवर कांक्रीट आणि पोलाद यांचें आवरण घालावयाचें होतें. परंतु शेजारच्या छपरावर भट्टीच्या गाभ्यांतील ग्रॅफाइटचे तुकडे विखुरले होते, ते आधीं खालीं लोटणें भाग होतें. दुरून चालविण्याचीं यंत्रें आणलीं. कांहीं त्या ढिगाऱ्यांत अडकलीं, कांहींचे विद्युत्-अवयव किरणांनीं निकामी झाले. मग राखीव दलांतील शिपाई चढविले. जनरल निकोलाय ताराकानोव्ह यांच्या देखरेखीखालीं तीन हजारांहून अधिक माणसें एकामागून एक त्या छपरावर गेलीं. छातीला व पाठीला शिशाचे पत्रे बांधावयाचे, धांवत वर जावयाचें, फावड्यानें एकदोन खेपा लोटावयाच्या आणि भोंगा वाजतांच परत फिरावयाचें. एवढ्यासाठीं मुदत किती? कोठें दोन-तीन मिनिटें, कोठें चाळीसच सेकंद! या माणसांना तेथें ‘जैविक यंत्रमानव’ म्हणत. यंत्र हरलें तेथें माणूस चढला, आणि नांव मात्र यंत्राचें राहिलें. हें मला फार बोचतें.

खाणकामगारांची कथा याहून चमत्कारिक. वितळलेला गाभा तळ फोडून जमिनींत उतरेल अशी धास्ती होती, म्हणून तूला व दोनबास येथील सुमारें ४०० मजुरांनीं असह्य उकाड्यांत भट्टीखालीं बोगदा खणून थंड करणाऱ्या नळ्यांसह कांक्रीटचा थर घातला. गाभा वरच थिजला. त्या नळ्यांचा उपयोग कधीं करावाच लागला नाहीं. म्हणून तें कष्ट व्यर्थ म्हणावे काय? त्या दिवसांत, गाभा कोठें थांबेल, हें कोणासच सांगतां येत नव्हतें.

अशा झाडलोट करणाऱ्यांची संख्या सुमारें ६ लक्ष होती. त्यांनीं मातीचा वरचा थर खरवडला, रस्ते धुतले, तांबडें पडलेलें पाइनचें रान तोडून पुरलें. कोपाची नांवाचें आखें खेडेंच मातीआड केलें. पण धुतलेलें पाणी तरी जाणार कोठें? तेथील सीझियम निम्मा होण्यास ३० वर्षें लागतात. तो नष्ट करतां येत नाहीं. फक्त एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवतां येतो, आणि उचलणाऱ्याच्या देहाला त्याची किंमत द्यावी लागते.

याच्या उलट आयोडीन आठ दिवसांत निम्मा होतो. तो गवतावर पडला, गवतांतून गाईच्या दुधांत आला आणि दुधांतून मुलांच्या गळ्यांतील थायरॉइड ग्रंथींत. कांहीं आठवडे तें दूध सर्वत्र बंद ठेवलें असतें तर पुष्कळ मुलें वांचलीं असतीं. युक्रेन, बेलारूस व रशिया यांच्या बाधित प्रदेशांत, तेव्हां मुलें वा किशोर असलेल्यांमध्यें २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे ६ हजारांवर रोगी आढळले. उपचारांनीं बहुतेक वांचले, तरी गळ्यावरील व्रण आणि जन्मभराचें औषध त्यांच्या वांट्यास आलें.

एकंदर मृत्यु किती? सर्वाधिक किरण लागलेल्यांमध्यें अखेर सुमारें ४ हजार, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा २००५ सालचा अंदाज. इतरांचे आंकडे याहून पुष्कळ मोठे आहेत. कर्करोगावर त्याच्या कारणाची चिठ्ठी नसते. म्हणून छपरावर दोन मिनिटें उभा राहिलेला मनुष्य वीस वर्षांनीं आजारी पडला, तर त्याचा आजार त्या दोन मिनिटांचाच होता हें सिद्ध कसें व्हावें?

घाईनें घातलेलें पहिलें आवरण पुढें जीर्ण झालें. २०१६ सालीं १०८ मीटर उंचीची पोलादी कमान रुळांवरून सरकवीत आणून त्यावर बसविली; ती शंभर वर्षें टिकावी, अशी योजना होती. १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं युद्धांतील एका ड्रोननें तिच्या छताला भोंक पाडलें. बाहेर किरणोत्सर्ग वाढला नाहीं, पण छताच्या थरांत आग धुमसत राहिली. ती विझविण्यासाठीं आवरणाला ठिकठिकाणीं छिद्रें पाडावीं लागलीं, आणि त्या कामाकरितां तीन आठवडे माणसें पुन्हां चेर्नोबिलच्या छतावर चढत होतीं.