ऊबेदाच्या टेकड्या

ताकाला जाऊन भांडं लपवण्याची खोड काही फक्त आपलीच नाही. हौसेनं स्पॅनिश शिकायला घेतलं आणि तिथंही तिचे मासले भेटू लागले. मुद्दा टाळणाऱ्याला स्पेनमधला माणूस सांगतो, 'फांद्यांवरून फिरू नकोस, दाण्याकडे ये.' आपल्या शेतकऱ्यालाही हे सहज समजेल.

माझ्या मनात घर केलं ते मात्र दुसऱ्याच वाक्प्रचारानं : 'इर्से पोर लोस सेर्रोस दे ऊबेदा'. म्हणजे ऊबेदाच्या टेकड्यांत भरकटणं. विचारलं एक की सांगायचं भलतंच! सर्व्हांतेसच्या 'दोन किहोते'मध्येही या टेकड्या येतात.

ऊबेदा हे दक्षिण स्पेनमधलं, ऑलिव्हच्या बागांनी वेढलेलं शहर. नवव्या शतकात मुस्लिम राजवटीत ते नावारूपाला आलं. १२३३ साली कास्तीलचा राजा तिसरा फर्नांदो यानं ते जिंकून घेतलं. दंतकथा अशी, की त्या लढाईत एक सरदार फिरकलाच नाही. सारं आटोपल्यावर हजर झाला. राजानं विचारलं, 'कुठं होतास?' तो म्हणाला, 'महाराज, त्या टेकड्यांत वाट चुकलो.' कुणी म्हणतात, तो भ्याला. कुणी म्हणतात, एका मुस्लिम तरुणीवर त्याचा जीव जडला होता.

लोक त्याला हसतात. मीही हसलो. मग तटाच्या आतली माणसं आठवली. त्यांच्यावर उगारलेली एक तलवार त्या दिवशी कमी झाली होती. आणि 'मला लढायचं नव्हतं' असं राजाच्या तोंडावर सांगायची सोय कुठं होती?

नळाला पाणी कधी येणार, असं विचारल्यावर गावाचा इतिहास सांगत बसणारा पुढारी आडवळणानंच बोलतो. सासरी जाच सोसणारी लेक 'बरी आहेस ना?' या प्रश्नावर आईला पाऊसपाण्याचं विचारते, तेही आडवळणच. पहिल्याला उत्तर द्यायचं नसतं. दुसरीला देता येत नसतं. पहिल्याला 'मुद्द्यावर या' असं ठणकावून सांगायलाच हवं. दुसरीजवळ मात्र थोडं थांबावं लागतं.

तेव्हा कुणी आपल्याशी बोलताना टेकड्यांत शिरलं, तर रागावण्याआधी एवढं पाहावं, की त्याच्यासमोर राजा होऊन आपणच तर बसलेलो नाही ना?