मुले झोपेत दात का खातात?

(गणेशोत्सवातील भाषणाचा संक्षेप)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय निवडला, कारण लहान मूल असलेल्या घरात तो कधी ना कधी निघतोच. रात्री मूल करकर दात खाते. आजी म्हणते, "पोटात जंत झालेत." मग वावडिंगाचा काढा किंवा जंताची गोळी दिली जाते आणि विषय संपतो. माझे सांगणे एवढेच, की तो तिथे संपवू नये.

जंतांची गोळी जरूर द्यावी. आपल्या देशात १० फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोल दिले जाते. परंतु दात खाण्याचे कारण जंतच, हे सिद्ध झालेले नाही. काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत दिसला नाही.

मग कारण काय? झोप रात्रभर सारखी नसते. झोपेतून मेंदू अधूनमधून क्षणभर अर्धवट जागा होतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्याच वेळी जबड्याचे स्नायू आवळले जातात. मुलाला याचा पत्ताही नसतो. म्हणून रागावून किंवा हलवून जागे करून उपयोग नाही. ही सवय पुष्कळ मुलांत आढळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या अभ्यासांतले तिचे प्रमाण ३.५ पासून ४०.६ टक्क्यांपर्यंत होते. वय वाढते तशी ती बहुधा आपोआप कमी होते. निरोगी माणसात हा आजार मानू नये, असे जगभरच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये म्हटले आहे. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

पण दुर्लक्षही नको. वळणावर चाक करकरले, की आम्ही नुसता आवाज बंद करायला जात नाही. गेज, रुळाची झीज, वंगण, सगळे तपासतो. इथेही तसेच करावे.

पहिली तपासणी श्वासाची. मूल घोरते का? तोंड उघडे टाकून झोपते का? टॉन्सिल किंवा नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढल्या, की श्वास अडखळतो आणि झोप पुन्हा पुन्हा मोडते. ब्राझीलमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या ग्रंथी काढल्यावर बऱ्याच मुलांचे दात खाणे थांबले. ज्याला आपण जंत समजून सोडून देतो, ते कधी कधी श्वासाचे दुखणे असते. मूल दिवसा चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते आणि बोलणी मात्र त्यालाच बसतात.

दुसरी तपासणी मनाची. आपल्या बदल्या होतात. घरी मराठी, अंगणात कन्नड, वर्गात इंग्रजी. नवी शाळा, नवे मित्र, परीक्षा. मुले बोलून दाखवत नाहीत, पण ताण आणि काळजी यांचा दात खाण्याशी संबंध आढळला आहे.

बाकी कारणे थोडक्यात सांगतो. आई-वडिलांना सवय असली, तर मुलात ती येण्याची शक्यता जास्त. घरातला विडी-सिगारेटचा धूर आणि चंचलतेवरची किंवा नैराश्यावरची काही औषधे यांचाही संबंध दिसला आहे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. शेजारच्या कोडगूची कॉफी उत्तम, पण संध्याकाळी मुलांना नको, झोप उडते. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. उत्सवाच्या दिवसांतसुद्धा!

दुधाचे दात पडतात म्हणून निष्काळजी राहू नका. सहाव्या वर्षाच्या आसपास कायमच्या दाढा येऊ लागतात आणि त्यांचे झिजलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही. सकाळी डोके किंवा जबडा दुखणे, दात झिजणे, गार-गरम लागणे यांपैकी काही दिसले, तर दंतवैद्याला दाखवा. घोरणे असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तालुक्याच्या दवाखान्यापासून सुरुवात करा, पुढे मैसूर आहेच. जाण्यापूर्वी आठ-दहा रात्री मूल किती वाजता झोपले, घोरले का, दात खाल्ले का, एवढे वहीत लिहून न्या. डॉक्टरांचे निम्मे काम होईल.

आपला बाप्पा एकदंत, त्याला ते शोभते. आपल्या मुलांचे मात्र सगळे दात शाबूत राहोत आणि त्यांना शांत झोप लागो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!