जळगाव–मुंबई : अंतर विमानाचे, वेळ माणसाची

जळगावच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे ३५६ किलोमीटर भरते. रेल्वेने हेच अंतर ४२० किलोमीटर. वरचे साठेक किलोमीटर मनमाड-नाशिकच्या वळणाचे आणि कसारा घाटाचे. उलट जळगाव ते धुळे बघा: सरळ रेषेत ऐंशीच्या थोडे वर, महामार्गाने पंचाण्णवच्या आसपास. एरंडोल-पारोळ्याच्या सपाटीत रस्त्याला घाटासारखे वळावे लागत नाही.

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे ही रेघ खरे तर कमान असते. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची ६,३७१ किलोमीटरची सरासरी त्रिज्या घेतली की तिची लांबी काढता येते. जळगाव-मुंबईत ही वक्रता जाणवत नाही. अमेरिकेतल्या मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना मात्र समोरच्या पडद्यावर विमान उत्तरेकडे झुकलेले दिसते, ते तिच्यामुळेच.

आता वेळ. जळगावला येणारे एटीआर-७२ हे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते. म्हणजे हिशेबाने त्रेचाळीस मिनिटे. वेळापत्रकात मात्र तासाहून अधिक वेळ छापलेला असतो, आणि तो बरोबर आहे. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात; त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यातच मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. आभाळात घिरट्या घालाव्या लागतात त्या तिथे. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा समोरून आला, तर या मार्गावर जेमतेम चार मिनिटे वाढतात. गर्दीने त्याहून कितीतरी जास्त जातात.

पण विमानच नसेल तर त्रेचाळीस मिनिटांना काय अर्थ? नूतनीकरण झालेल्या जळगाव विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. ‘उडान’ योजनेतून एअर डेक्कनचे एकोणीस आसनी विमान आले ते थेट डिसेंबर २०१७ मध्ये, आणि ती सेवा लवकरच थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली. तीही टिकली नाही. २०२४ मध्ये फ्लाय९१ने गोवा, हैदराबाद आणि पुण्याची, तर अलायन्स एअरने मुंबईची सेवा सुरू केली. वर्षानुवर्षे रिकाम्या पडलेल्या धावपट्टीचे नुकसान कुठल्याही वेळापत्रकात दिसत नाही. ते खान्देशातल्या व्यापाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि रुग्णांनी सोसले.

धुळेकरांचे गणित आणखी वेगळे. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरलाही आहे. तिथे वैमानिक घडतात, पण प्रवासी विमान नाही. धुळ्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर, नैऋत्येला. जळगावचे विमान गाठायचे तर आधी नव्वद किलोमीटर पूर्वेला, म्हणजे मुंबईपासून लांब जायचे आणि मग ३५६ किलोमीटर मागे यायचे. विमानतळावर आधी पोचण्याचा वेळ धरला, तर मुंबई-आग्रा महामार्गाने निघालेली गाडी फारशी मागे राहत नाही.

हैदराबादचे तसे नाही. जळगावहून ते सुमारे ५०८ किलोमीटर, आग्नेयेला. धुळेकराचा जळगावपर्यंतचा रस्ता इथे वाया जात नाही, त्याच दिशेने पुढे सरकतो. म्हणून धुळ्याहून विमानाच्या वेळा धरून थेट जळगाव विमानतळापर्यंत एसटी सुटली पाहिजे, ही मागणी दोन्ही जिल्ह्यांनी मिळून करावी.